आधी थांबव, थांबलं ते बघ, मग हात लाव

उद्यमबागेत पप्पांची छोटी शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर आणि एक जुनं एच.एम.टी.चं मिलिंग मशीन, एवढाच संसार. मिलिंग मशीनच्या मागच्या भिंतीवर ‘सेफ्टी फर्स्ट’ अशी इंग्रजी पाटी आहे. तिच्यावर तेलाचा आणि धुळीचा एवढा थर बसलाय की ती आता भिंतीचाच भाग वाटते. शेडमध्ये कामाला येणारी मुलं येळ्ळूर, कडोली, खानापूर भागातली, मराठी शाळेत शिकलेली. दिवाळीच्या सुट्टीत पप्पा मला म्हणाले, “तू मराठी घेऊन बी.ए. करतेस ना? मग ह्या मशीनसाठी मराठीत एक पाटी लिहून दे की.”

मी पाच मिनिटांत लिहून दिली : ‘यंत्रावर काम करताना योग्य ती खबरदारी घ्यावी.’

आमचे मिस्त्रीकाका कित्येक वर्षं मिलिंगवर उभे आहेत. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, “बाळ, वाक्य चांगलं आहे. पण म्हणजे मी नेमकं काय करू?”

मला उत्तर देता आलं नाही. ‘योग्य ती’ म्हणजे कोणती? ‘खबरदारी’ म्हणजे हाताने काय करायचं? मग सुट्टीतले बारा दिवस मी वही घेऊन त्या मशीनपासून चार हातांवर स्टूल टाकून बसले. तिथे जे कळलं ते इथे लिहिते आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे भाऊ आय.टी.आय.ला आहेत, कुणाचे वडील फाउंड्रीत आहेत, कुणी स्वतः सुट्टीत वर्कशॉपला जातं. त्यांच्या कामाची भाषा आपल्या अंकात कधीतरी यायलाच हवी.

मिलिंग म्हणजे काय

लेथवर जॉब फिरतो आणि टूल स्थिर राहतं. (वर्कशॉपमध्ये ज्या तुकड्यावर काम करायचं त्याला ‘जॉब’ म्हणतात.) मिलिंगवर उलट असतं. जॉब टेबलावर घट्ट बांधलेला असतो आणि अनेक दातांचा कटर फिरतो. गावाकडचं कडबा कुट्टीचं मशीन पाहिलं असेल, तर फिरत्या पात्यांपुढे वस्तू सरकवत न्यायची ही कल्पना ओळखीची वाटेल. फक्त इथे कडब्याऐवजी लोखंड असतं आणि हाताऐवजी टेबल ते सरकवतं.

मशीनच्या मागे उभा खांब असतो, तो कॉलम. त्याच्यावर वरखाली सरकणारा भाग म्हणजे नी, कारण तो गुडघ्यासारखा पुढे आलेला असतो. त्याच्यावर पुढेमागे सरकणारं सॅडल आणि सगळ्यात वर डावीउजवीकडे सरकणारं टेबल. अशा तीन दिशांनी जॉब हलवता येतो. कटर ज्यात बसतो तो फिरणारा दांडा म्हणजे स्पिंडल. तो उभा असेल तर व्हर्टिकल मशीन, आडवा असेल तर हॉरिझाँटल. ह्या मशीनवर सपाट पृष्ठभाग करता येतो, खाच पाडता येते, शाफ्टला की-वे करता येतो, गिअरचे दातही कापता येतात.

हात मागे घेण्याइतका वेळ नसतो

एक साधा हिशेब करू. २० मिलिमीटर व्यासाचा, चार दातांचा कटर मिनिटाला ४०० फेरे घेतोय. हा मिलिंगमध्ये काही फार मोठा वेग नाही. मिनिटाला १६०० दात, म्हणजे सेकंदाला जवळपास २७ दात एका जागेवरून जातात. काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांना दिसून हात मागे यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात सहा-सात दात तिथून गेलेले असतात.

म्हणून ‘मी पटकन हात काढून घेईन’ ह्या विचाराला काही अर्थ नाही. मशीन आपल्यापेक्षा जलद आहे हे एकदा मान्य केलं की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात. हात तिथे नसणं, हाच एक उपाय उरतो.

पप्पांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर नाही. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. तेव्हा ते दुसऱ्यांच्या शेडमध्ये कामाला होते. लहानपणापासून पाहत आल्यामुळे मी त्याबद्दल कधी विचारलंच नव्हतं. ह्या सुट्टीत विचारलं. मला वाटत होतं, मशीन जोरात चालू असताना काहीतरी भयंकर झालं असेल. पप्पा म्हणाले, “छे गं. जॉब संपला होता. टेबल थांबवलं होतं, फक्त स्पिंडल फिरत होता. मी चिंधीने चिप्स पुसायला गेलो.” कटरने चिंधी ओढली आणि चिंधीबरोबर बोट.

म्हणजे कटर जॉब कापत होता तेव्हा काहीच झालं नाही. काम झाल्यावर, ‘आता एवढंच उरलंय’ म्हणताना झालं. त्यानंतर मी वहीत फक्त अशाच मधल्या क्षणांची नोंद ठेवायला लागले. चिप्स काढणं, माप घेणं, बोल्ट आवळणं, कूलंटची नळी सरळ करणं. धोका बहुतेक वेळा तिथेच असतो, कारण त्या क्षणी आपल्याला ते काम वाटतच नाही.

मशीनकडे जाण्याआधी

पहिला नियम ऐकून मला नवल वाटलं : फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. आपल्याला वाटतं मोजे म्हणजे संरक्षण. पण उघड्या बोटाला दात लागला तर जखम होते. मोजा दातात अडकला तर तो अख्खा हात आत ओढतो. मशीन बंद असताना कटर बसवताना किंवा काढताना मात्र हातात मोजा किंवा जाड कापड हवंच, कारण कटरचे दात थांबलेले असले तरी धारदारच असतात.

बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या किंवा मनगटाशी घट्ट. ओढणी, मफलर, लोंबणारी नाडी नको. माझी वेणी पाहून काकांनी पहिल्याच दिवशी “अंबाडा घाल, वर टोपी घाल, मग आत ये” असं सांगितलं. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायचं. गळ्यातलंही. आमच्या शेडमध्ये कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कुणाच्या रुद्राक्ष, माझ्या गळ्यात क्रुसाची साखळी. मशीनला ह्यातलं काहीच ओळखू येत नाही. ते सगळं एका स्टीलच्या डब्यात ठेवायचं आणि सुटताना घालायचं, अशी पद्धत आहे. खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ घालतात, तीही स्विच चालू करण्याआधी उतरवून ठेवतात.

डोळ्यांना गॉगल हवा, कारण मिलिंगच्या चिप्स तुटक, गरम असतात आणि उडतात. साधा चष्मा बाजूंनी उघडा असतो, त्याने भागत नाही. पायात बूट हवेत, चप्पल नको. खाली सांडलेलं तेल आणि कूलंट आधी पुसायचं. फिरत्या कटरसमोर पाय घसरला तर माणूस सगळ्यात आधी हात पुढे टाकतो.

जॉब बांधणं

काकांच्या मते निम्मी सुरक्षितता मशीन सुरू होण्याआधीच ठरते. जॉब बहुतेक वेळा व्हाइसमध्ये धरतात. व्हाइसचा तळ आणि जबडे ब्रशने साफ करायचे, कारण खाली एक चिप राहिली तरी जॉब तिरका बसतो. जॉब उंच करायला खाली दोन सारख्या मापाच्या घासलेल्या पट्ट्या ठेवतात, त्यांना पॅरलल म्हणतात. व्हाइस आवळून जॉबवर तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने ठोकायचं आणि मग बोटाने पॅरलल हलवून पाहायचे. हलले नाहीत तर जॉब बसला. हलले तर पुन्हा बांधायचा. व्हाइसचा दांडा शेवटी काढून बाजूला ठेवायचा.

मोठा जॉब टेबलाच्या टी-खाचांमध्ये बोल्ट घालून क्लॅम्पने बांधतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोल्ट जॉबच्या जवळ हवा, मागच्या टेकूच्या जवळ नाही. आणि टेकूची उंची जॉबइतकी किंवा किंचित जास्त हवी. नाहीतर आपण सगळा जोर लावून आवळतो तो टेकूला, आणि जॉब सैलच राहतो. सैल जॉबमध्ये कटर घुसला तर जॉब उडतो, कटर तुटतो, किंवा दोन्ही होतं.

कटरचंही तसंच. व्हर्टिकल मशीनमध्ये कटर धरणारं साधन वरून एका लांब बोल्टने ओढून घट्ट करतात, तो ड्रॉबार. तो आवळायचा पाना तसाच वर राहिला आणि कुणी स्पिंडल सुरू केला, तर तो पाना गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. त्यासाठी काकांचा नियम सोपा आहे : पाना ड्रॉबारवर असेपर्यंत हात पान्यावरून काढायचा नाही. हात काढायचा तर पाना घेऊनच. हॉरिझाँटल मशीनवर आर्बरचा नट आवळण्याआधी पुढचा आधार बसवायचा, नाहीतर आर्बर वाकतो.

वेग आणि दिशा

वेग अंदाजाने ठरवत नाहीत. कटर आणि धातू पाहून कापण्याचा वेग घ्यायचा, मिनिटाला किती मीटर असा. हायस्पीड स्टीलचा कटर आणि साधं माइल्ड स्टील असेल तर सुरुवातीला २५ मीटर धरतात. त्याला १००० ने गुणायचं आणि कटरच्या परिघाने, म्हणजे ३.१४ गुणिले व्यास मिलिमीटरमध्ये, भागायचं. २० मिलिमीटरच्या कटरला उत्तर येतं ३९८, म्हणजे साधारण ४००. १० मिलिमीटरच्या कटरला ८०० च्या आसपास. कटर लहान झाला की फेरे वाढतात, मोठा झाला की कमी होतात. मोठ्या कटरला लहान कटरचे फेरे दिले तर दात जळतात आणि कटर तुटू शकतो. गिअरच्या मशीनवर वेग बदलायचा तो स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच.

दिशेचं मला सगळ्यात उशिरा समजलं. जॉब कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकवला तर कटर जॉबला मागे ढकलतो. कटरच्या फिरण्याच्याच दिशेने सरकवला तर कटर जॉबला स्वतःकडे ओढतो. टेबल ज्या स्क्रूवर चालतं त्याच्यात जुन्या मशीनवर थोडी ढिलाई आलेली असते. कटरने ओढलं की टेबल तेवढं अचानक पुढे उडी मारतं आणि दात नको तेवढा खोल घुसतो. म्हणून आमच्यासारख्या जुन्या मशीनवर नेहमी कटरच्या विरुद्ध दिशेने जायचं. ज्या बाजूने टेबल हलवायचं नाही, त्या बाजूचे लॉकही आवळून ठेवायचे.

मशीन चालू असताना

एका मशीनला एकच माणूस. मदतीला दुसरा असला तरी बटण दाबणारा हात एकाचाच. ‘तू म्हणालास म्हणून मी चालू केलं’ हे वाक्य वर्कशॉपमध्ये फार महाग पडतं. चालू मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही. समोर येऊन, त्याला दिसेल असं उभं राहायचं. आणि लाल बटण कुठे आहे हे न बघता हाताला सापडलं पाहिजे. काका नव्या मुलांना डोळे मिटून ते दाबायला लावतात.

टेबल जलद सरकवायचा लिव्हर कटर जॉबजवळ असताना वापरायचा नाही. चिप्स हाताने नाही, चिंधीने नाही, हवेच्या पाइपनेही नाही, ब्रशने काढायच्या, आणि त्याही कटर थांबल्यावर. हवा मारली की चिप्स शेजाऱ्याच्या डोळ्यांत आणि मशीनच्या सरकत्या भागांत जातात.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. तरीही चौथ्या दिवशी व्हायचं ते झालंच. कार्बाइडच्या कटरने सुकं काम चालू होतं आणि निळ्याजांभळ्या, स्वल्पविरामासारख्या वळलेल्या चिप्स टेबलावर पडत होत्या. एक फारच सुंदर होती. मी स्टुलावरून कधी उठले आणि हात कधी पुढे केला, मला कळलंच नाही. काकांनी एका हाताने लाल बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “पोरी, चिप कुठं पळून जाणार नाही. मशीन थांबू दे की.” माझा हात कटरपासून वीतभर अंतरावर होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

थांबलं म्हणजे खरंच थांबलं का

स्टॉपचं बटण दाबलं म्हणजे कटर थांबला असं नाही. तो थोडा वेळ आपल्याच जोराने फिरत राहतो. माप घ्यायचं असेल तर क्रम असा : स्पिंडल बंद करायचा, तो पूर्ण थांबेपर्यंत बघत राहायचं, मग टेबल कटरपासून लांब न्यायचं, आणि मगच व्हर्नियर लावायचं.

‘बघायचं’ ह्यातही एक फसवणूक आहे. जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. चार दातांचा कटर मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला बरोबर १०० दात जातात. प्रत्येक लकाकीला दात त्याच जागी दिसतो आणि फिरणारा कटर स्थिर असल्याचा भास होतो. म्हणून मशीनवर वेगळा दिवा हवा, आणि थांबलं की नाही हे डोळ्यांबरोबर कानांनीही ठरवायचं.

वीज गेली की मशीन आपोआप थांबतं, पण तो थांबा आपला नसतो. चांगल्या स्टार्टरमध्ये अशी सोय असते की वीज परत आली तरी पुन्हा बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तो स्टार्टर बिघडलेला असेल किंवा कुणी जुगाड करून थेट जोडणी केली असेल, तर वीज येताच कटर फिरायला लागतो. म्हणून वीज गेली की पहिलं काम मेन स्विच बंद करणं. कटर बदलतानाही तेच.

झालंच काही तर

आधी मशीन बंद. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने थेट दाबून धरायचं आणि हात वर ठेवायचा. बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून माणसाबरोबरच दवाखान्यात न्यायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, त्याने तो खराब होतो. डोळ्यात चिप रुतली असेल तर चोळायचं नाही, ओढून काढायची नाही, डोळा झाकून डॉक्टरांकडे. पप्पांना त्या वेळी ह्यातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं.

कायद्यात हे सगळं नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं २१ वं कलम यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालायला सांगत होतं. २३ वं कलम सांगत होतं की सरकारने धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर कोवळ्या वयाच्या कामगाराला पूर्ण माहिती आणि शिक्षण दिल्याशिवाय लावू नये. पण त्या मूळ कायद्याप्रमाणे विजेवर चालणारा कारखाना म्हणजे १० किंवा अधिक कामगारांचा होता. २०२० च्या नव्या संहितेत हा आकडा २० झाला. आमच्या शेडमध्ये पाच माणसं आहेत. अशा जागी कायद्याचं काम शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी माणसाला करावं लागतं, आणि तो जेवायला गेला की भिंतीवरच्या पाटीला.

म्हणून ती पाटी मी पुन्हा लिहिली. ‘खबरदारी’, ‘योग्य’, ‘कृपया’ हे शब्द काढून टाकले. उरली ती फक्त क्रियापदं :

मोजे काढ.
पाना काढ.
जॉब हलवून बघ.
आधी थांबव, थांबलं ते बघ, मग हात लाव.
वीज गेली, मेन बंद कर.

‘करावे’ लिहायचं की ‘कर’, ह्यावर मी बराच विचार केला. ‘करावे’मध्ये कुणीच कुणाशी बोलत नाही. ‘कर’मध्ये काका बोलतात.

पप्पांनी पाटी पत्र्यावर रंगवून घेतली आणि जुनी काढून तिथेच ठोकली. ठोकताना खिळा त्यांनी नेहमीसारखा अंगठा आणि मधल्या बोटात धरला होता.